मुशीतली तूट

सात नंबरच्या मुशीचं रिकामं वजन
चोवीस पूर्णांक तीन एक आठ सात.
लग्नाची तारीख मी कधी विसरते, हे नाही.

पहाटे चारला उखर्डू तायडे हॉपरखालून येतो.
बरणीत तीन नंबरच्या बॉयलरची राख, अजून कोमट,
आणि भुवया चक्कीवाल्यासारख्या पांढऱ्या.
"बाई, आज कायी हाये जराशी."
त्याच्या बोलीत ळ उगवतच नाही,
केयी, डोये, कायी,
पण राखेचा रंग तो काट्याआधी ओळखतो.

आई पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजायची.
जाळ निवला की राखेत बोट फिरवून
न जळलेले काळे तुकडे वेचायची फुटक्या डब्यात,
"हे उद्याले."
उरलेली राख भांड्यांना,
तीही चाळून,
"खडा राह्यला तं पितयेले चरे पडतीन."
टक्केवारी तिने कधी ऐकली नव्हती.

मी एक ग्रॅम तोलते.
श्वास आवरून, कारण श्वासानंही चौथा आकडा हलतो.
भुसावळात मे महिना, रात्रीही भिंती तापलेल्या,
आणि मी साडेसातशे अंशांचं दार उघडते
चिमट्याने,
डोळे बारीक करून.

तासाभराने मूस बाहेर येते, मग काचपात्रात निवते
निळ्या खड्यांवर. खडे गुलाबी व्हायला लागलेत,
बदलायला हवेत, मागणी फेब्रुवारीत पाठवली आहे.
आत गेली ती पाटीच्या रंगाची राख,
आली ती फिकट, विटकरीच्या जवळची.
मधल्या रंगाचं वजन:
चार पूर्णांक आठ एक टक्के.

फालक साहेबांचा फोन.
"मॅडम, गेटवर सिमेंटवाल्यांचा बल्कर उभा आहे.
एवढी तूट येऊच शकत नाही. पुन्हा बघा."
त्या 'बघा'चं वजन
माझ्या काट्यावर होत नाही.

पुन्हा एक ग्रॅम. पुन्हा तासभर.
जे जातं ते सगळं कोळसाच असतं असं नाही,
ओल असते, चुना असतो, हे मला माहीत आहे.
साहेबांनाही माहीत आहे,
म्हणूनच ते आज आठवलं त्यांना.
पण ओल मी आधीच काढली होती,
आणि चुना काही एका रात्रीत वाढत नाही.

भट्टीपाशी स्टूल ओढून उखर्डू सांगतो:
त्याच्या आधीची चार जगली नाहीत.
मग पाचवं आईने उकिरड्यावर ठेवलं, राखेत,
आणि आत्यानं सुपात घेऊन
मूठभर ज्वारीला विकत घेतलं.
"माहं पयलं वजन तठीच झालं, बाई."
हसतो. दातांना राखुंडी.
मी विचारत नाही त्या चौघांची नावं.
तोही थांबत नाही तिथे,
चहा सांगायला उठतो.

पाच पूर्णांक शून्य दोन.

दोन्ही आकडे लिहिते, एकाखाली एक.
शेऱ्यात: मिल जाड दळते आहे, रोलर तपासावेत.
पीठ जाड राहिलं की भाकरी आतून कच्ची,
यात रसायनशास्त्र फारसं नाही.
फालक साहेब फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणतात, "ठीक आहे. मेंटेनन्सला कळवतो."
आणि फोन ठेवायच्या आधी, हळू,
"मलाही वाटलंच होतं."

बल्कर रिकामा वळतो.
वरणगावच्या रस्त्याकडे त्याचे दिवे,
पलीकडे केळीच्या बागा, पानांवर आमचीच पावडर.
उखर्डू विचारतो,
"मग ते गेलं कुठी? ज्याचं वजन कमी भरलं ते?"
मी धुराड्याकडे हात करते,
आणि तो अर्ध्यातच खाली घेते.
उत्तर तेवढंच नाही.

मूस धुते, तापवते, निववते,
सवयीने काट्यावर ठेवते.
चोवीस पूर्णांक तीन एक आठ सहा.
दोनदा बघते.

नोंदवहीत यासाठी रकाना नाही.
उद्यापासून सहा पाठ करायचं.